शरभाच्या पिल्लाचा रंग कोणता?

आजचा भाग छोटाच आहे.

माझी भाची सहा वर्षांची. मध्यंतरी तिने रंगवणं बंदच केलं. शाळेत तिच्या जांभळ्या हत्तीवर फुली आली होती. आणि घरी मी काय केलं? रेघेबाहेर गेलेला रंग खोडरबराने पुसून दिला. मदत म्हणून! तिने रंगीत पेन्सिल खाली ठेवली, म्हणाली, "मामा, तूच कर." दिवसभर कोडमधल्या चुका शोधायच्या, ती सवय घरीही सुटत नाही बघा.

मग ड्रॅगनचं पिल्लू, युनिकॉर्नचं शिंगरू अशी चित्रं आणली. यांचा खरा रंग पाहिलाय कुणी? एक शरभाचं पिल्लू मीच काढलं. शरभ म्हणजे आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला तो सिंहासारखा प्राणी. काही शिल्पांत त्याच्या पंजात चक्क हत्ती असतात. माझं पिल्लू मात्र मांजर झालं. ती खुदकन हसली.

एक गंमत करून बघा. पांढऱ्या तेलखडूने दाबून खवले काढा, वरून पातळ जलरंग फिरवा. तेलकट जागी पाणी धरत नाही, खवले आपोआप उमटतात. कागद जाड घ्या. इंकजेटच्या रेघा पाण्याने फुटू शकतात, म्हणून झेरॉक्स बरी.

पिल्लू हिरवं झालं, पंख गुलाबी, रंग पार टेबलावर. माझा हात फडक्याकडे गेलाच.

"मामा, हात मागे!"

मग पंजाखालच्या रिकाम्या जागेत तिने एक हत्ती काढला. जांभळा.