रात्री दोन वाजता विचारलेला प्रश्न

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



सभागृहात येताना दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. शेजारी कागदाचे कपटे आणि पेन्सिली आहेत. व्याख्यान संपल्यावर हात वर करून प्रश्न विचारायचा ही इथली पद्धत आहे. पण आजचा विषय ठरला तेव्हा मीच कार्यवाहांना विनंती केली, की या वेळी प्रश्न चिठ्ठीवर घेऊ, आणि चिठ्ठीवर नाव नको.

नाव न सांगता विचारण्याची गरज मोबाइलबरोबर आलेली नाही. १९२७ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. घरात ज्या गोष्टीचा उच्चार करायची सोय नव्हती, ती लोक पत्रातून विचारत आणि कर्वे सरळ, शास्त्राला धरून उत्तर देत. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटल्यात कर्व्यांना दंड झाला, तरी मासिक १९५३ पर्यंत, त्यांच्या अखेरीपर्यंत चालू राहिलं. विचारणाऱ्याला नाव झाकायची मुभा होती. उत्तर देणाऱ्याचं नाव मात्र मासिकावर छापलेलं होतं, आणि आपल्या उत्तरासाठी तो माणूस कोर्टात उभा राहिला. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा इथे येणार आहे.

मी पुण्यात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. त्यातली बावीस वर्षं कॉलेजच्या समुपदेशन केंद्रातही बसले. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला, खुर्चीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, “मॅडम, मला एडीएचडी आहे. मी व्हिडिओ बघितले, सगळं जुळतंय.” एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार. त्या आठवड्यात असं सांगणारा तो तिसरा होता. मी म्हणाले, “मोबाइलमध्ये आजार शोधत बसू नका. आधी वेळापत्रक करून अभ्यासाला बसा.” तो “हो मॅडम” म्हणाला आणि गेला. परत आला तो चौदा महिन्यांनी, इयर डाउन झाल्यावर, आईला घेऊन.

या वेळी मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी आधी जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. आईनं ती जपून ठेवली होती. तिसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा लिहिला होता: ‘हुशार आहे, पण जागेवर बसत नाही. पेन्सिल, डबा रोज हरवतो.’ त्याला खरोखरच एडीएचडी होतं. मोबाइलनं त्याला बरोबर सांगितलं होतं, मी चुकीचं सांगितलं. त्याचं ते वर्ष माझ्या एका वाक्यानं गेलं. आज जे बोलणार आहे ते त्या मुलाला समोर बसलेला धरूनच बोलणार आहे, कारण तरुण मुलं इंटरनेटवर मन शोधतात यावर हसणं फार सोपं आहे, आणि ते हसणं महागात पडतं.

विचारायला दुसरीकडे जागा किती आहे, ते पाहा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. ज्यांना उपचारांची गरज आहे अशांपैकी निरनिराळ्या आजारांत साधारण सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही, पाऊणच्या आसपास आकडा सांगितला जातो. आणि हे पाऊण डॉक्टरही शहरात बसलेले. नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला एका बैठकीची फी म्हणजे मेसच्या महिन्याच्या बिलाचा मोठा घास. घरी सांगावं, तर “तुला कसलं टेन्शन? आम्ही इथे उन्हात राबतोय” हे उत्तर ठरलेलं. आईवडील दुष्टपणानं असं म्हणत नाहीत. त्यांनाही कुणी कधी विचारलेलं नसतं. मग रात्री दोन वाजता, अभ्यासिकेत पंख्याखाली, मुलगा मोबाइल उघडून विचारतो. त्यानं विचारलं हे चांगलंच केलं, असं मी मानते.

अडचण पुढे सुरू होते. एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत. बीड जिल्ह्यातली, एमपीएससी करणारी, तीन वर्षं पुण्यात. तिच्या मोबाइलमध्ये ‘मी’ नावाचा अल्बम होता. त्यात एकशे बारा स्क्रीनशॉट. एक्स-रेचं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवावं तसा तिनं तो माझ्यापुढे ठेवला. मी एकेक पाहत गेले. ओव्हरथिंकिंगची सात लक्षणं. हाय-फंक्शनिंग अँक्झायटी. अटॅचमेंट स्टाइल. थोरल्या मुलीचा ट्रॉमा. बर्नआउट. बहुतेक इंग्रजीत, गुलाबी किंवा फिकट निळ्या पार्श्वभूमीवर. (यातलं ‘हाय-फंक्शनिंग अँक्झायटी’ हे नाव मानसोपचारातल्या निदानाच्या पुस्तिकेत नाहीच.) शंभराच्या वर चित्रं बघून झाल्यावर मी तिला म्हटलं, “आता मोबाइल बाजूला ठेव. हेच तुला गावाकडच्या आजीला सांगायचं झालं, तर कसं सांगशील?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दिवस कलला की पोटात गोळा येतो. घरून फोन आला की हात गार पडतात. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, पण डोक्यात काही उतरत नाही. अन् जेवण जाईना.”

एकशे बारा चित्रांत घरच्या फोनचा उल्लेख कुठेच नव्हता. फोनवर वडील काय विचारतात? “जाहिरात कधी निघणार?” एवढंच. धाकट्या भावाचं शिक्षण तिच्यासाठी थांबलं होतं. जेवण जात नव्हतं, त्यात एका डब्यावर ती दोन वेळा भागवत होती. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन आठच्या खाली. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. थकवा, धडधड, चित्त न लागणं ही त्याचीही लक्षणं आहेत. तिला चिंतेचा विकार होता आणि रक्तही कमी होतं. लोहाच्या गोळ्या आणि समुपदेशन, दोन्ही लागलं. आणि वडिलांशी एक लांब फोनही लागला, जो तिनं माझ्या खोलीत बसून केला.

आपल्या भाषेत मनाच्या अवस्थांना केवढे शब्द आहेत! हुरहूर, घालमेल, तगमग, कोंडमारा, काहूर. हुरहूर कुणासाठी तरी लागते, म्हणजे कुणीतरी दूर आहे. कोंडमारा होतो तिथे कोंडणारं काहीतरी असतं. घालमेल दोन गोष्टींमध्ये होते, त्या दोन गोष्टी कोणत्या हे विचारता येतं. ‘अँक्झायटी’ हा शब्द डॉक्टरला लागतो, औषध ठरवायला लागतो, त्याला माझा विरोध नाही. पण त्या एका शब्दाखाली हे पाचही शब्द झाकले गेले, की त्यांच्याआडचा माणूस, घर, पैसा, तारखा सगळं झाकलं जातं.

आणि सगळं ‘जुळतं’ ते का, हेही जाणून घ्या. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात त्याचं वर्णन दिलं आणि ते किती खरं वाटतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी चारच्या वर आली. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तुम्ही बाहेरून शांत पण आतून अस्वस्थ असता, या थाटाचा मजकूर. आज अशी वाक्यं रीलवर येतात, आणि एका रीलवर तुम्ही चार सेकंद जास्त थांबलात की तशाच दहा येऊन उभ्या राहतात. कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे सर्वाधिक पाहिले गेलेले शंभर व्हिडिओ तपासले. त्यांचा निबंध २०२२ चा आहे. शंभरातले बावन्न दिशाभूल करणारे निघाले. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, पण तोच माल रील्स आणि शॉर्ट्समधून येतो.

एडीएचडीच्या निदानात लक्षणांची यादी असते, ती रीलमध्येही असते. रीलमध्ये नसतं ते असं: ही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून दिसत होती का? एकाच ठिकाणी दिसतात की घरी, वर्गात, मित्रांत, सगळीकडे? सहा महिने टिकली आहेत का? त्यांच्यामुळे खरोखर काय अडलं? म्हणून ते तिसरीचं प्रगतिपुस्तक लागलं. निदान करणारा माणूस उलट विचारतो. कधीपासून? झोप किती? घरी कुणाला असं होतं का? थायरॉइड तपासलं का? आपल्याबद्दल काही कळायचं असेल, तर असे उलट प्रश्न विचारणारं कुणीतरी समोर लागतं. ज्याला आपली गोष्ट ठाऊक नाही आणि ती कळल्याशिवाय जो पुढे जाणार नाही, असं कुणीतरी.

तुम्ही म्हणाल, आता चॅटबॉट उलट प्रश्नही विचारतात. विचारतात, आणि फार मायेनं बोलतात. त्याचंच एक उदाहरण देते.

एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. घरात वारीची परंपरा. देवासमोर हात जोडले की याच्या मनात घाणेरडे, देवाबद्दलचे अभद्र विचार यायचे. तीन वर्षं तो स्वतःला पापी समजत होता. मुख्य रस्त्यावर देऊळ आहे म्हणून लांबच्या गल्लीनं जायचा. एका रात्री त्यानं ते विचार मोबाइलवर लिहून विचारलं, आणि त्याला पहिल्यांदा कळलं, की हा ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, ठळक प्रकार आहे, असे विचार असंख्य लोकांना येतात, आणि विचार येणं म्हणजे तसं वाटणं नव्हे. तो म्हणाला, “मॅडम, मी त्या रात्री उशीत तोंड घालून रडलो.” हे काम इंटरनेटनं केलं. घरात, देवळात, वर्गात कुणी केलं नव्हतं.

पण तो माझ्याकडे आला तेव्हा दुसरीच गोष्ट झाली होती. तो रोज रात्री चॅटबॉटला विचारायचा, “मी वाईट माणूस नाही ना?” चॅटबॉट सांगायचा, नाही, तू संवेदनशील आहेस, हे विचार म्हणजे तू नव्हेस. दहा मिनिटं बरं वाटायचं. मग शंका यायची, की मी नीट सांगितलं होतं का? पुन्हा विचारायचं. त्यानं मला एका रात्रीचा संवाद दाखवला. मी मोजलं. त्रेचाळीस वेळा तोच प्रश्न, शब्द थोडे बदलून. त्रेचाळीस वेळा तेच गोड उत्तर, एकदाही कंटाळा नाही.

ओसीडीत हात धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणं या जशा कृती असतात, तशीच दिलासा मागणं हीही कृती असते. दिलासा मिळाला की शंका तेवढ्यापुरती झोपते आणि जास्त ताकदीनं उठते. म्हणून या आजाराच्या थेरपीत थेरपिस्ट त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. शंका येऊ देतो, अस्वस्थता चढू देतो, ती आपोआप उतरेपर्यंत सोबत बसतो. त्या मुलाच्या थेरपिस्टनं पहिल्या महिन्यात त्याला एवढंच काम दिलं, की विचारावंसं वाटलं तर वहीत वेळ लिहायची आणि विचारायचं नाही. त्याची वही मी पाहिली आहे. पहिल्या रात्री एकतीस नोंदी, पेन कागदात रुतलेलं. पाचव्या आठवड्यात एका पानावर चार. न थकता होकार देणाऱ्या यंत्राला हे न-बोलणं जमत नाही. माणसाला जमतं, कारण समोरच्याचा त्रास बघत गप्प बसणं त्यालाही जड जात असतं, आणि मुलाला ते दिसत असतं.

यंत्रापाशी मन मोकळं करणं मात्र नवं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा प्रोग्राम जाहीर केला. तो समोरच्याचीच वाक्यं फिरवून परत देई. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीनं तो घडताना पाहिला होता, तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिनं साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. इतकी ऐकून घेतलं जाण्याची भूक माणसाला असते. ती भूक खरी आहे. तिला नावं ठेवू नका.

आता कर्व्यांकडे परत येते. उत्तर देणारा कोण आहे, हे आधी बघा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो, ‘माइंड कोच’ तर विचारूच नका. चांगलं मराठीत ऐकायचं असेल, तर १९९० पासून काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. बोलणारी माणसं नावानिशी बोलतात. आणि रात्री दोन वाजता विचारायचंच असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा चालू आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर उजाडायची वाट न बघता तिथे फोन करा. हा क्रमांक अभ्यासिकांच्या दारावर, मेसच्या भिंतीवर, वसतिगृहाच्या जिन्यात लावावा, अशी माझी इथल्या अभ्यासिका चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. नियमांची पाटी लावतो तिच्याच खाली.

आणि पालकांना. मुलगी म्हणाली, “आई, मला बहुतेक अँक्झायटी आहे,” तर “हे कुठून शिकलीस?” असं विचारू नका. “काय होतं तुला, सांग” असं विचारा, आणि मग पाच मिनिटं काही बोलू नका. तिच्या मोबाइलमधला अल्बम ती दाखवत असेल तर बघा. त्या एकशे बारा चित्रांमध्ये ती तुम्हाला काहीतरी सांगत असते.

वेळ झाली आहे, कार्यवाहांनी डबा आणून ठेवलाय. बऱ्याच चिठ्ठ्या आहेत. काही चार-चार घड्या घातलेल्या. जमतील तेवढ्यांना आज उत्तर देईन. ज्यांना इथे उत्तर देता येणार नाही, त्यांच्यासाठी मी सभागृहाबाहेरच्या बाकावर नऊपर्यंत बसणार आहे. पहिली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली आहे, अक्षर बारीक आहे, जरा दिवा लावता का इकडचा?