वाटाड्या
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला ‘प्रवासाविषयी काहीतरी’ बोलावयास सांगितले, तेव्हा तिची अपेक्षा बहुधा हिमालयाची असावी. मी आपणांस त्याहून पुष्कळ उत्तरेस नेणार आहे. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा प्रदेश आहे. सोन्याच्या शोधात एकेकाळी हजारो माणसे जेथे धावली, त्या डॉसन गावापासून चाळीसेक किलोमीटरवर एक खडीचा रस्ता फुटतो आणि सुमारे ७४० किलोमीटर उत्तरेस जाऊन इनुविक येथे पोहोचतो. हा डेम्पस्टर महामार्ग. भूगोलाच्या तासाला भिंतीवरच्या नकाशात छडीने दाखविली जाणारी आर्क्टिक वृत्ताची तुटक रेषा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती मोटारीने ओलांडता येते, हे मला साठी उलटल्यावर कळले.

माझी नोकरी रस्तेबांधणीतली. त्यामुळे हा रस्ता पाहण्याची ओढ होती, आणि त्याच कारणाने एक अहंकारही होता. कॅनडातील मुलाने दोन गाड्या, सात प्रवासी आणि एक वाटाड्या अशी व्यवस्था केली, तेव्हा मी म्हणालो, “एकच रस्ता, तोही सरळ उत्तरेस जाणारा. चुकायला फाटा कुठे आहे? वाटाड्या कशाला?” मुलाने वाद घातला नाही.

वाटाडे पन्नाशीचे, ग्विच-इन जमातीचे, फोर्ट मॅकफर्सन या गावचे होते. त्यांचे नाव जाहीर करण्याची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून सांगत नाही. निघण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक गाडीत दोन जादा चाके आहेत ना, हे स्वतः वाकून पाहिले. पहिला पेट्रोल पंप ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्स येथे. मध्ये वस्ती नाही, दुकान नाही, फोनही लागत नाही.

ऑगस्टचा शेवट होता. तेथे तेव्हाच शरद ऋतू उतरतो. टूम्बस्टोनच्या काळ्या सुळक्यांखालची खुरटी झुडपे लाल आणि पिवळी झाली होती. झाड म्हणावे असे फारसे काही नव्हते, आणि जी स्प्रूसची झाडे होती ती दारू प्यायल्यासारखी वेडीवाकडी कललेली. कारण जमिनीखाली आहे. वरचा हात-दोन हातांचा थर उन्हाळ्यात सैल होतो, त्याखालची माती मात्र हजारो वर्षे गोठलेली आहे. मुळांना खोल जाता येत नाही.

रस्त्याचे सारे शास्त्रही याच बर्फाभोवती फिरते. आपल्याकडे रस्ता म्हटले की आधी खोदाई. तेथे खोदाई हाच अपराध. वरचे शेवाळ खरवडले की आतला बर्फ वितळतो आणि रस्ता चिखलात बसतो. म्हणून जमिनीला न दुखावता तिच्यावर सव्वा ते अडीच मीटर जाडीचा खडीचा भराव घातला आहे. ओझे पेलणे हे त्या भरावाचे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम बर्फावर गोधडी पांघरण्याचे. १९५९ साली सुरू झालेला हा रस्ता १९७९ साली खुला झाला. वीस वर्षे का लागली, असे मी आमच्या खात्यातल्या सवयीने विचारणार होतो, पण ती गोधडी पाहिल्यावर विचारले नाही.

ओगिल्वी पर्वतांच्या भागात गाडी मी चालवीत होतो. खडी घट्ट दिसली, रस्ता मोकळा, वेग वाढला. पुढच्या गाडीतून वाटाड्यांनी वायरलेसवर दोनदा सांगितले, “हळू.” मी दोनदा ‘हो’ म्हटले. तिथली खडी पाटीसारख्या दगडाची, धारदार असते. ती टायर फोडत नाही, कापते. पंधरा मिनिटांत मागचे चाक बसले, आणि ते बदलून निघालो तर संध्याकाळच्या आत दुसरे. ते परत आले, काही न बोलता जॅक लावला. गाडीत जादा चाक उरले नव्हते. अजून शंभराहून अधिक किलोमीटर जायचे होते. “आता तुम्ही मागे बसा,” एवढेच ते म्हणाले. माझ्यासमोर बसलेल्या मुलांनो, तुम्हांला वर्गात मागच्या बाकावर बसविले जाते तेव्हा कसे वाटते, हे मला साठी उलटल्यावर पुन्हा एकदा कळले.

त्या रात्री ईगल प्लेन्सच्या मुक्कामी त्यांनी मला, दुखावल्याचे पाहूनच बहुधा, एक हकीकत सांगितली. ती इतिहासात नोंदलेली आहे; पुढे मी ती पडताळून पाहिली.

रस्ता होण्यापूर्वी याच मुलखातून कुत्र्यांच्या घसरगाड्यांची वाट होती. दर हिवाळ्यात पोलिसांची तुकडी डॉसनहून फोर्ट मॅकफर्सनला टपाल घेऊन जात असे. १९१० साली क्रम उलटविला गेला. २१ डिसेंबरला इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन साथीदार आणि पंधरा कुत्री घेऊन मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. त्यांना विक्रमी वेळात पोहोचायचे होते, म्हणून अन्न कमी घेतले. वाट दाखविण्याचे काम कार्टरवर होते. कार्टर ती वाट एकदाच, तीही उलट दिशेने, काही वर्षांपूर्वी चालला होता. मध्ये इसाव जॉर्ज नावाचा ग्विच-इन माणूस भेटला. त्याने काही दिवस वाट दाखविली. १ जानेवारी १९११ रोजी फिट्झजेराल्डनी त्याला मजुरी देऊन परत पाठविले.

त्यानंतर फॉरेस्ट क्रीक नावाचा एक ओढा सापडेना. बर्फाखाली सगळे ओढे सारखेच. आठवडाभर ते एकेका खोऱ्यात शिरून परत येत राहिले. कार्टरच्या शब्दावर विसंबायला नको होते, अशा अर्थाची नोंद फिट्झजेराल्डच्या दैनंदिनीत आहे. १८ जानेवारीला त्यांनी माघार घेतली. अन्न संपले, कुत्री एकामागून एक मारून खावी लागली. मॅकफर्सन अवघे छप्पन्न किलोमीटर राहिले असता दोघे गेले, आणि चाळीस किलोमीटर राहिले असता फिट्झजेराल्ड आणि कार्टर.

त्यांच्या शोधासाठी २८ फेब्रुवारीला डॉसनहून कॉर्पोरल डेम्पस्टर निघाले. मार्चच्या २१ व २२ तारखेला त्यांना चारही प्रेते मिळाली. त्यांच्याच नावाने आज हा महामार्ग ओळखला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु डेम्पस्टरच्या तुकडीत चार्ली स्टुअर्ट नावाचा ग्विच-इन वाटाड्या होता. डेम्पस्टरनी त्याला वाटेत परत पाठविले नाही. या दुर्घटनेनंतर पोलिसांनी वाटेवर खुणा केल्या, अन्नाचे साठे ठेवले आणि स्थानिक वाटाड्या घेण्याचा नियम केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आर्क्टिक वृत्त ओलांडले, तिथल्या फलकाजवळ सर्वांनी छायाचित्रे काढली. मग रिचर्डसन पर्वत, घड्याळ एक तास पुढे, आणि तरीने पील नदी. हिवाळ्यात तरी बंद होते आणि गोठलेल्या नदीवरूनच गाड्या जातात. बर्फ धरण्याच्या आणि फुटण्याच्या दिवसांत मात्र काहीच जात नाही. कॅरिबूंचा मोठा कळप याच रस्त्यावरून स्थलांतर करतो. ग्विच-इन शिकाऱ्यांचा नियम असा, की पुढची जनावरे आधी जाऊ द्यायची. ती वाट घालून देतात, मागची त्यांच्या मागे येतात. आम्हांला एकही कॅरिबू दिसला नाही. तेही सांगणे भाग आहे.

फोर्ट मॅकफर्सनच्या चर्चच्या आवारात त्या चौघांच्या कबरी आहेत. मी बराच वेळ उभा राहिलो. रागाची जागा तेथे उरली नाही. चाळीस किलोमीटर म्हणजे आपल्याकडे तासाभराचे अंतर.

इनुविकचे इग्लूच्या आकाराचे चर्च, तिथली जमिनीवरून पेटीसारख्या आवरणातून जाणारी पाण्याची नळवाहिनी, २०१७ साली खुला झालेला टुक्टोयाक्टुकपर्यंतचा नवा रस्ता आणि त्याच्या टोकाशी आर्क्टिक महासागराचे करडे, अत्यंत थंड पाणी: यांविषयी स्मरणिकेच्या संपादकांनी जागा दिली तर स्वतंत्र लिहीन.

एक गोष्ट मात्र येथेच सांगावयाची आहे, कारण ती शाळेविषयी आहे. परतताना मॅकेंझी नदीच्या तरीवर आम्ही कठड्याशी उभे होतो. मी त्यांना विचारले, या साऱ्या ओढ्यांची नावे तुम्हांला कशी ठाऊक? ते म्हणाले, आजीकडून. आईला ती शिकविता आली नाहीत. आईला लहानपणी इनुविकच्या वसतिगृहशाळेत नेले होते. तेथे आपली भाषा बोलले की शिक्षा होई. घरी परतली ती आजीशी बोलायला बिचकणारी मुलगी होऊन. अशा शाळांबद्दल कॅनडा सरकारने २००८ साली माफी मागितली. २०१३ साली चारशेहून अधिक ग्विच-इन स्थळनावे सरकारी दप्तरात अधिकृत झाली. “नावात वाट असते,” ते म्हणाले. “कुठल्या ओढ्यात मासे, कुठे बर्फ पातळ, कुठून चढायचे. नाव गेले की एवढे सगळे जाते.”

मी त्यांना सांगितले, की मी जेथे शिकलो त्या गावी रस्त्यावर, बाजारात, कचेरीत दुसरीच भाषा चालते, आणि तरीही आमची शाळा माझ्या आईच्या भाषेत होती. कोणी आम्हांला नेले नव्हते, आमच्या वाडवडिलांनी वर्गणी काढून ती उभी केली. त्यांना ते पटकन खरे वाटले नाही. “सरकारने नव्हे?” त्यांनी विचारले. “पालकांनी,” मी म्हणालो. ते नदीकडे पाहत राहिले.

मग मी विचारले, या नदीचे तुमच्याकडचे नाव काय? त्यांनी सांगितले, नाग्विचूनजिक. विस्तीर्ण मुलखातून वाहणारी नदी. मी उच्चारून पाहिले. त्यांनी मान हलविली, चूक. पुन्हा उच्चारले. पुन्हा चूक. तरी काठाला लागेपर्यंत ते मला, दुसरीतल्या मुलाकडून म्हणवून घ्यावे तसे, ते नाव घोकवीत होते.