‘काही नाही, बरं आहे’

दिवाळीनंतरची गोष्ट. रोह्याकडच्या आमच्या एका गटात मनाच्या आरोग्याचा फॉर्म भरून घ्यायला दोन मुली आल्या होत्या. मीच सगळ्यांना मासिक सभेत एकत्र बसवलं. म्हटलं, पटकन उरकेल. प्रश्न होता, ‘गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?’ पहिल्या ताई म्हणाल्या, “नाही.” मग बाराच्या बारा जणी, “नाही.” शेजारी कुणाची सासू बसलेली, कुणाची जाऊ. सभा सुटल्यावर त्यातलीच एक माझ्यासोबत एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली. “ताई, महिना झाला, रात्रभर डोळा लागत नाही. उगाच पोरांवर हात उगारते.” फॉर्मवर मात्र तिचं सगळं छान होतं.

चूक माझीच. बी.ए.ला मानसशास्त्रात हे मी शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते! प्रश्नावलीने थोड्या वेळात शेकडो जणींना विचारता येतं, पण उत्तर कुणासमोर दिलं यावर ते बदलतं. एकटीची मुलाखत घेतली तर बाई मोकळी होते. त्याला वेळ फार लागतो, आणि विचारणारीला काय आवडेल ते ओळखून बोलणाऱ्याही असतात. नुसतं बघत बसावं म्हटलं, तर पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बाईशेजारी वही घेऊन उभ्या राहा बरं. तिचा हात लगेच वेगळा चालू लागेल.

आणि विचारलं कुणाला? आपल्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर गेलात तर घरांना कुलपं. ज्यांचे हाल जास्त, त्याच मोजणीतून सुटतात.

आता गोव्यातलं एक काम सांगते. तिथे ‘मानस’ नावाचा अभ्यास झाला, २०१० साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २४ दवाखाने घेतले, १२ सरकारी, १२ खाजगी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यातले निम्मे निवडून तिथे समुपदेशक दिल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या तिथल्याच पदवीधर बायका होत्या. (म्हणजे माझ्यासारख्याच, हे ऐकून मला बरं वाटलं.) सरकारी दवाखान्यांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी, उदासी किंवा चिंतेचा आजार असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६६ जण सहा महिन्यांनी बरे झाले होते. जिथे समुपदेशक नव्हत्या तिथेही ४२-४३ बरे झालेच होते. दुसरा गट ठेवला नसता तर सगळ्या ६६ जणांचं श्रेय आपण समुपदेशकांना देऊन मोकळे झालो असतो. प्रयोगाची ताकद ती हीच. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. का दिसला नाही, हे नुसता आकडा सांगत नाही. त्यासाठी पुन्हा माणसांजवळ बसून बोलावं लागतं.

थांब्यावरच्या त्या ताईला मी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर दिला. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिने लावला.

पुढच्या महिन्यात पुन्हा फॉर्म येणार आहेत. या वेळी अंगणवाडीची मागची खोली मागून ठेवली आहे, एकेकीने आत जायचं. फॉर्मवर नाव घालणार का, माहिती कुठे जाणार, हे आधी विचारायचं. नको असेल तर ‘नाही भरत’ म्हणायचं. आणि वाडीवरचे फॉर्म मी जूनपर्यंत थांबवायला सांगितले आहेत.