सह्याद्रीच्या आडवाटा
(लखनौ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपले हे शहर समुद्रसपाटीपासून अवघ्या १२० मीटरांच्या आसपास, गोमतीच्या सपाट खोऱ्यात वसलेले आहे. येथे डोंगर म्हटले की नैनिताल, अल्मोडा आणि त्यांपलीकडील हिमशिखरे डोळ्यांपुढे येतात. २००० साली उत्तराखंड वेगळे होईपर्यंत ते डोंगर याच राज्याचे होते. आज मात्र मी आपणांस सह्याद्रीत, हरिश्चंद्रगड नावाच्या रौद्र पर्वतावर नेणार आहे.

सह्याद्रीचे लखनौशी एक नाते आहे. १९२१ पासून येथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले बिरबल साहनी यांनी दख्खनच्या लाव्हाथरांमधील वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास केला. एक थर थिजून दुसरा त्यावर येईपर्यंत तळी साचण्याइतका, झाडे वाढण्याइतका काळ अनेक ठिकाणी मध्ये गेला होता, हे अशा जीवाश्मांवरून कळते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे हे थर एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची आडवी पट्टी बनते आणि उभ्या भेगेतून पाणी नाळ कोरते. सह्याद्रीतील कोणतीही अवघड वाट पाहा. ती बहुधा अशा पट्टीवरून आडवी जाते आणि अशा नाळेतून वर चढते.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. पाचनईहून येणारी आणि खिरेश्वराहून तोलार खिंडीमार्गे येणारी, या दोन वाटा सर्वांस ठाऊक आहेत. पश्चिमेस मात्र कोकणकडा कोकणात कोसळलेला आहे. त्याच्या पायथ्याशी असलेल्या बेलपाड्याहून पाहिले तर वर जाण्यास मार्गच नाही असे वाटते. तरीही तेथून नळीची वाट वर येते आणि साधले घाटही चढतो. हजार मीटरांहून अधिक चढाई करून माणसे या बाजूने वर येत आली आहेत.

या वाटा कोणी गिर्यारोहकाने शोधलेल्या नाहीत. महादेव कोळी, ठाकर आणि इतर डोंगरवासी लोकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या. जवळचा नाणेघाट तर सातवाहनकाळी कोकणातील बंदरे आणि जुन्नर यांना जोडणारा व्यापारी मार्ग होता. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आजही आहे. वाटांची नावेसुद्धा माहिती देतात. ओझ्याची जनावरे चढू शकत तो सहसा घाट. दोन कड्यांमधली दगडधोंड्यांची चिंचोळी घळ ती नाळ. शिडी लावल्यावाचून जाता येत नसे ती निसणी. नाव नीट ऐकले तर वाटेचा स्वभाव आधीच कळतो.

अशी आडवाट शोधावी कशी? प्रथम भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा पाहावा. समोच्चरेषा कोठे दाटतात आणि कोठे विरळ होतात, हे पाहून कडा आणि सोंड ओळखता येतात. मात्र चिंचोळी नाळ नकाशात पुष्कळदा दिसत नाही. म्हणून गावात जावे. तेथे “येथून वाट आहे का?” असे विचारू नये, पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून होकार मिळण्याचा संभव असतो. “या वाटेने शेवटचे कोण गेले, कोणत्या महिन्यात, डोक्यावर काय घेऊन?” असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस मिळाला की वाट निम्मी सापडली. पुढे कातळात खोदलेल्या खोबण्या, झिजलेल्या पायऱ्या, खिंडीतला शेंदूर लावलेला दगड या खुणा सोबत करतात.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. अनोळखी नाळेत वरून उतरू नये. वरून कड्याची धार दिसत नाही, आणि एखादा टप्पा घसरत उतरल्यावर परत चढता आले नाही तर माणूस मध्येच अडकतो. आणि पावसाळ्यात नाळेत पाऊल ठेवू नये. पाण्याचा लोंढा व सुटलेले दगड त्याच मार्गाने येतात. गावातील जाणता सोबती घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा.

माळशेज घाटातून मोटारी धावू लागल्या, गावोगावी रस्ते पोहोचले, आणि डोक्यावर ओझे घेऊन कडा चढण्याचे कष्ट संपले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु न वापरलेली वाट थोड्याच पावसाळ्यांत कारवीच्या झाडोऱ्याखाली बुजते, आणि ती पायांनी जाणणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्यामागे नाव उरेल. वळण कोठे घ्यावे आणि पाणी कोठे मिळेल, हे सांगणारे कोणी उरणार नाही. त्यानंतर जो तेथे जाईल, तो केवळ नावावर विसंबून जाईल, आणि ते जिवावर बेतू शकते.

म्हणून वाट सापडली की ती लिहून ठेवा: गावाचे नाव, पाण्याची जागा, चालण्यास योग्य महिना, आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचेही नाव. हा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, याचे भान ठेवून वनखात्याचे नियम पाळा. तेथे झेंडा रोवण्याची गरज नाही. ज्याने वाट दाखवली, त्याच्या नातवाला ती पुन्हा सापडावी एवढे टिपण मागे राहिले, तरी पुष्कळ झाले.