बाहुलीवरचा सराव आणि वॉर्डातला रोगी



मुलीला नर्सिंगला घातले, आणि तेथे ती बाहुलीची नाडी पाहते, हे कसले शिक्षण, असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

ही पद्धत तशी जुनीच. १९११ साली अमेरिकेतील हार्टफर्डच्या रुग्णालयात परिचारिकांच्या शाळेसाठी ‘मिसेस चेस’ नावाची माणसाएवढी बाहुली आली. रोग्याला उचलणे, कुशीवर वळविणे यांचा सराव मुली तिच्यावर करीत. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार आसमुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली तयार केली. आजच्या बाहुलीची छाती हालते, नाडीही लागते.

समजा, पेनिसिलिन देताच रोग्याला धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब उतरला. औषध ताबडतोब थांबवायचे, मदत बोलवायची, मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिन द्यायचे. सारा खेळ मिनिटांचा. असा रोगी शिकत असताना मुलीच्या वाट्याला येईलच असे नाही. नोकरीतल्या पहिल्याच रात्रपाळीत मात्र येऊ शकतो! बाहुलीवर हाच प्रसंग दहा वेळा उभा करता येतो. चुकले तर बाहुली ‘मरते’, आणि पुढच्या मुलीसाठी पुन्हा जिवंत होते.

मग सगळ्याजणी बसून बोलतात. शिक्षिका रागावत नाही, विचारते, “हाक कोणाला मारलीस? औषध आणायला नक्की कोण गेले?” माझ्या मते निम्मे शिक्षण या बोलण्यातच होते, आणि घाईच्या कॉलेजांत नेमके तेच गाळतात.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दहा नर्सिंग विद्यालयांतील विद्यार्थी होते. वॉर्डातील निम्म्यापर्यंत तास अशा सरावाला दिले, तरी ते ज्ञानात वा कौशल्यात मागे पडले नाहीत. मात्र शिकविणारे तयारीचे हवेत. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात या पद्धतीला स्थान आहे.

तरी बाहुलीला लाज वाटत नाही, ती सुई पाहून हात मागे ओढत नाही. अंग पुसताना म्हातारी चादर घट्ट धरून ठेवते, तेव्हा काय बोलावे हे वॉर्डातच कळते.

म्हणून पालकहो, प्रवेश घेताना बाहुलीची किंमत विचारू नका. प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, आठवड्यातून किती वेळा ती उघडते, आणि एका बाहुलीभोवती किती मुली उभ्या असतात, एवढे विचारा. उत्तर शिकणाऱ्या मुलींकडूनच घ्या.