स्वाध्याय : शब्द आणि आचरण



मराठी पाठ्यपुस्तकात धड्याच्या अखेरीस ‘स्वाध्याय’ हे शीर्षक असते. शब्द थोर आहे. गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला तैत्तिरीय उपनिषदात जो उपदेश केला आहे, त्यात स्वाध्यायाची हेळसांड न करण्याची आज्ञा आहे. पतंजलींनी त्याची गणना पाच नियमांत केली. शिक्षण संपल्यावरही जो सुटत नाही, तो स्वाध्याय!

प्रत्यक्षात अनेक घरांत काय घडते? गाईडमधील उत्तर वहीत उतरते, त्यावर तांबड्या शाईची खूण होते आणि वही मिटते. अक्षर सुरेख, उत्तर बिनचूक. पण त्यात मूल कोठेच नसते. असे मूल दहावीपर्यंत पोहोचते, तेव्हा शिकवणीवाचून त्याचे पान हलत नाही.

यावर वर्गातच योजता येतील अशी साधी साधने आहेत. अमेरिकेतील डोना ओगल यांनी १९८६ साली तीन रकान्यांचा तक्ता मांडला : काय ठाऊक आहे, काय जाणून घ्यायचे आहे आणि वाचनानंतर काय समजले. शिवरायांच्या १६६६ मधील आग्र्याहून सुटकेचा पाठ घ्यावा. पेटाऱ्यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ‘एवढा पहारा असताना पेटाऱ्यांचा संशय का आला नाही?’ असे दुसऱ्या रकान्यात ज्याने लिहिले, तो विद्यार्थी उत्तराच्या शोधात वाचतो.

१९८४ साली ॲनमरी पॅलिंक्सार व ॲन ब्राउन यांनी चार सवयींवर भर दिला : पुढचा अंदाज बांधणे, प्रश्न विचारणे, अडलेले उलगडणे आणि सारांश सांगणे. प्रथम शिक्षक हे करून दाखवितात. मग मुले आळीपाळीने गटाचे नेतृत्व करतात. शिक्षकांचा आधार क्रमाक्रमाने कमी होत जातो, हेच त्यातील मर्म.

तिसरे साधन तपासणीसूचीचे. निबंध शिक्षकांच्या हाती देण्यापूर्वी मुलाने तो स्वतः तपासावा. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले का? मुद्दा सुटला का? हे वाक्य स्वतःचे की उसने? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याच्या आत्ममूल्यमापनाला आणि सहाध्यायांच्या मूल्यमापनाला स्थान दिले आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. तक्त्यातील मजकूर फळ्यावरून उतरवून घेतला, किंवा आत्ममूल्यमापनाचा रकाना आईने भरला, तर तोही नवा गाईडच ठरेल. मुलाने प्रामाणिकपणे लिहिलेले ‘हे मला समजले नाही’ हे वाक्य दहा उसन्या उत्तरांहून मोलाचे आहे. त्या वाक्याला शिक्षा मिळाली, की ते पुन्हा कधी लिहिले जात नाही.

म्हणून पालकांनी सायंकाळी ‘गुण किती मिळाले?’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा : ‘आज कोठे अडलास, आणि मग काय केलेस?’ उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ घराने द्यावा.