गरोदर स्त्री आणि इन्फ्लुएन्झाची लस



विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना वाटले असेल की हे व्याख्यान बायकांपुरतेच आहे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. गरोदर बाईने सुई टोचून घ्यावी की नाही, हे आपल्या घरांतून ती एकटी क्वचितच ठरवते. सासूबाई, आई, नवरा, शेजारच्या काकू अशी पंचायत बसते आणि बहुधा एकच निकाल लागतो: "नको, पोटातल्या जिवाला उगीच धोका कशाला?" आजचे आमचे बोलणे त्या पंचायतीशी आहे.

प्रथम आमचाच अपराध कबूल करतो. २०१५ च्या आरंभी सहावा महिना लागलेली एक मुलगी आमच्याकडे आली. "डॉक्टर, फ्लूची लस घेऊ का?" असे तिने आपण होऊन विचारले. आम्ही म्हणालो, "बाळंतपण होऊ दे, मग बघू." महिन्याभरात तिला ताप आला, धाप लागली, तपासणीत स्वाइन फ्लू निघाला. तीन आठवड्यांनी ती घरी परतली. पण माळ्यावरून काढून पुसून ठेवलेला पाळणा पुन्हा माळ्यावर गेला. लस घेतली असती तर हे खात्रीने टळले असते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिला नकार घरच्यांनी दिला नव्हता. तो आम्ही दिला होता.

"फ्लू म्हणजे पडसेच ना?" असे कोणी म्हणेल. गरोदरपणात हृदयावर आधीच जादा भार असतो, वाढत्या गर्भाशयाने छातीचा पडदा वर ढकललेला असतो आणि शरीराची रोगाशी झुंजण्याची रीतही बदललेली असते. म्हणून इतरांचे पडसे तिच्या फुप्फुसात उतरण्याची भीती अधिक. १९१८ च्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या साथीत जगभर गरोदर स्त्रियांचे फार हाल झाले. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी आपल्या पुण्यातच गेला, हे आपण विसरलो नसाल.

दुसरी शंका, लसीनेच फ्लू होईल काय? गरोदर स्त्रीला जी सुई देतात तिच्यात जिवंत विषाणू नसतो. मेलेल्या बियाण्याला कोंब फुटत नाही. दंड दुखतो, क्वचित दिवसभर कणकण वाटते, इतकेच. नाकात फवारण्याची लस मात्र जिवंत विषाणूंची असते. ती गरोदरपणी देत नाहीत. पूर्वी एखाद्या लसीने अंगावर गंभीर परिणाम झाला असेल, तर तो डॉक्टरांना आधी सांगावा. धनुर्वाताची सुई आपण गरोदर सुनेला न कुरकुरता देववतो; मग हिच्याविषयीच एवढा संशय का?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळते ते आईच्या रक्तातून, वारेच्या वाटेने. ढाक्यात ३४० मातांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस घेतलेल्या मातांच्या तान्ह्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत वरचे स्थान दिले.

लसीचा कवच तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि आपल्याकडे फ्लूची एक मोठी लाट पावसाळ्यात येते. म्हणजे हे वसंताचे दिवस विचार करण्यास योग्य आहेत. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. तेव्हा गरोदरपणी ताप आल्यास काढ्यावर दिवस न घालवता लगेच डॉक्टरांकडे जावे.

आज घरी गेल्यावर पंचायत पुन्हा बसवा. पण या खेपेस जिच्या पोटात बाळ आहे तिला आधी बोलू द्या. तिने विचारलेला प्रश्न आम्ही एकदा परतवून लावला होता. आपण तसे करू नये, एवढेच मागणे मागून आपली रजा घेतो.